तपकिरी समुद्रशैवालातील औषधी घटक : निष्कर्षण आणि वैद्याची जबाबदारी



बारामती-इंदापूर परिसरापासून समुद्र दूर आहे, मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही आपल्या औषधालयाच्या फळीवर समुद्र पूर्वापार नांदतो आहे. प्रवाळ, मौक्तिक, शंख, शुक्ती, कपर्दिका, समुद्रफेन ही द्रव्ये आपल्या नित्य परिचयाची. परंतु ही सर्व प्राणिज. समुद्राच्या पाण्यात उगवणारे पान मात्र आपल्या फळीवर कधी नव्हते. समुद्रशोष आणि समुद्रफळ यांच्या नावात समुद्र आहे, पण त्या जमिनीवरच्या वनस्पती. निघंटूंतील शैवाल म्हणजे गोड्या पाण्यावरचे, शीत आणि दाहशामक, लेपात योजावयाचे द्रव्य.

अलीकडे ही स्थिती बदलली आहे. ‘सीवीड’, ‘केल्प’, ‘फ्युकॉयडन’ अशी नावे मिरविणाऱ्या कॅप्सूल व चूर्णे तालुक्याच्या दुकानांतून मिळू लागली आहेत. गंमत अशी की या भागात समुद्रशैवाल वैद्यांच्या आधी शेतकऱ्यांनी ओळखले. द्राक्ष, डाळिंब आणि उसावर फवारण्यासाठी शैवालाचा द्रवरूप अर्क कृषी सेवा केंद्रांतून विकला जातो. उत्तर अटलांटिक महासागराच्या काठावरील तपकिरी शैवालापासून तो मोठ्या प्रमाणावर बनतो. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणाऱ्या लाल शैवालापासूनही बनतो. इंदापूर तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराने आम्हांस सरळच विचारले, “डॉक्टर, आम्ही हे ड्रिपमधून सोडतो, झाड कसं तरारतं! मग माणसानं चमचाभर घेतलं तर काय बिघडलं?” शेतीसाठीचा अर्क बहुधा तीव्र अल्कलीने काढलेला असतो, तो टिकावा म्हणून त्यात रसायने घातलेली असू शकतात आणि तो माणसाच्या पोटासाठी तपासलेला नसतो, हे त्यास समजावून सांगितले. परंतु त्याच्या प्रश्नाचा उरलेला भाग, म्हणजे माणसासाठी तयार केलेले शैवालद्रव्य घ्यावे की न घ्यावे, याचे नीट उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. ते शोधण्याची खरी गरज मात्र दुसऱ्याच एका रुग्णेने दाखवून दिली, आणि त्यात आमची चूक होती हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या हातून झालेली चूक

पंचेचाळीस वर्षांची ही गृहिणी अनेक वर्षे आमच्याकडे येते. तिला गलग्रंथीची मंदता आहे; रक्तात त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे सापडलेली आहेत; बारामतीतील एका फिजिशियनच्या सल्ल्याने ती रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन घेते. तिचा टीएसएच दीर्घकाळ ३ च्या आसपास स्थिर होता. संधिशूल व मलावष्टंभासाठी आमची चिकित्सा चालू असे. एका हिवाळ्यात ती आली ती चेहऱ्यावर सूज, जड आवाज, थंडी सहन न होणे आणि कमालीचा थकवा घेऊन. आम्ही कफवातप्रधान अवस्था मानून कांचनार गुग्गुळाची मात्रा वाढविली, त्रिकटू जोडले, पथ्य कडक केले. दोन महिने गेले; उतार पडेना. पुन्हा रक्त तपासले तेव्हा टीएसएच ३१ निघाला. लेव्होथायरॉक्सिनची गोळी ती न चुकता घेत होती.

कारण सापडले ते आमच्या बुद्धीने नव्हे. आमच्या शेजारचे आयुर्वेदीय औषधविक्रेते सहज बोलता बोलता म्हणाले की, या बाई वजन कमी करण्याच्या केल्पच्या कॅप्सूल त्यांच्याकडून तीन महिने नेत आहेत. बाटली मागवून पाहिली. त्यावर ‘नैसर्गिक समुद्री शैवाल ५०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिलेले होते. शैवाल कोणते, आयोडीन किती, याचा उल्लेखच नव्हता. दिवसाला दोन कॅप्सूल. “नैसर्गिक आहे म्हणून सांगितलं नाही,” असे ती म्हणाली, आणि आम्हीही विचारले नव्हते.

हे नेमके काय घडले ते समजून घेण्यासाठी या शैवालाच्या अंतरंगात शिरणे भाग आहे.

तपकिरी शैवालात काय असते

समुद्रशैवालांचे हिरवे, लाल आणि तपकिरी असे तीन मोठे वर्ग. तपकिरी वर्गात हरितद्रव्य असतेच, पण फ्युकोझँथिन हे नारिंगी-तपकिरी रंगद्रव्य त्यास झाकून टाकते. आपल्या कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर, पावसाळा सरल्यानंतर सरगॅसम आणि पॅडिना या जाती दिसतात. सरगॅसमला मण्यांएवढी वायुपुटके असतात. त्यांच्या बळावर त्याच्या फांद्या पाण्यात उभ्या राहतात. पॅडिना लहान पंख्यासारखी. जपान-कोरियात खाल्ले जाणारे कोंबू व वाकामे हेही तपकिरीच, पण ते थंड समुद्रातले. आपल्याकडे उगवत नाहीत. बाजारात ज्यास ‘केल्प’ म्हणतात ते याच थंड समुद्रातील मोठ्या जातींचे चूर्ण.

या वर्गाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट हा पिच्छिल घटक विपुल असतो. इ. स. १८८१ मध्ये स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने तो प्रथम वेगळा केला. त्याच्यासोबत फ्युकॉयडन असते. ही गंधकयुक्त बहुशर्करा स्वीडनमधील किलीन याने १९१३ मध्ये वर्णिली. याखेरीज साठ्याची शर्करा लॅमिनॅरिन, गोडसर मॅनिटॉल, कषाय रसाची आठवण देणारी फ्लोरोटॅनिन आणि अर्थातच आयोडीन. आयोडीन या मूलद्रव्याचा शोधच मुळी १८११ मध्ये फ्रान्समध्ये कूर्त्वा यास समुद्रशैवालाच्या राखेत लागला, आणि नऊ वर्षांनी जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने ते गलगंडावर वापरले. आपल्या भाषेत बोलायचे तर शैवालाच्या क्षारातून एक नवे द्रव्य निघाले आणि ते गलगंडास लागू पडले. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या आणि चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात गलगंडाचा विचार केला आहे. पुढील ग्रंथांत जलकुंभीच्या भस्माचा गोमूत्रासह प्रयोग येतो. (ही जलकुंभी म्हणजे आपली गोंडाळ. उजनीच्या फुगवट्यावर पसरणारी जांभळ्या फुलांची जलपर्णी ही अमेरिकेतून आलेली निराळी वनस्पती आहे. हिंदी भाषक दोहोंस एकच नाव देतात, म्हणून कच्चा माल घेताना जपावे.) उत्तरेच्या बाजारात मध्य आशियाकडून येणारी केल्पची वाळलेली पाने ‘गिल्लड’ म्हणजे गलगंडावर विकली जात, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकात झालेल्या आहेत. चिनी वैद्यकात तर सरगॅसम हे अधिकृत द्रव्य असून सतराव्या शतकापासून त्याचा एक प्रसिद्ध काढा गलगंडासाठी दिला जातो.

घटक वेगळे कसे काढतात

येथे एक शब्द स्पष्ट करणे अवश्य वाटते. बाजारात सरसकट ‘अर्क’ म्हणतात. आपल्यासाठी अर्क म्हणजे यंत्रातून ऊर्ध्वपातित झालेला द्रव. फ्युकॉयडन किंवा अल्जिनेट असे उडून जाणारे पदार्थ नव्हेत. शैवाल अर्कयंत्रात घालून कितीही तापविले तरी हे दोन्ही तळाशीच राहतील. त्यांची जवळीक आहे ती गुडूचीसत्त्वाशी, म्हणजे पाण्यात उतरवून पुन्हा खाली बसविलेल्या सत्त्वाशी.

प्रयोगशाळेत साधारणपणे असे करतात. ताजे शैवाल गोड्या पाण्याने धुऊन वाळू, शिंपले व मीठ काढतात. सावलीत वाळवितात, कारण फ्युकोझँथिन ऊन व उष्णता सहन करीत नाही. भरड चूर्ण तीव्र अल्कोहोलमध्ये भिजविले की रंगद्रव्य, स्निग्धांश व मॅनिटॉल त्यात उतरतात; फ्युकोझँथिन हवे असेल तर ते या पहिल्या द्रवातून मिळते. उरलेला चोथा गरम पाण्यात किंवा अत्यंत सौम्य आम्लात काही तास ठेवला की फ्युकॉयडन उतरते. सोबत आलेले थोडे अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइड घालून खाली बसवितात, गाळतात आणि निवळ द्रवात भरपूर अल्कोहोल मिसळतात. मग पांढुरक्या तंतूंच्या रूपाने फ्युकॉयडन वेगळे होते. ते पुन्हा पडद्यातून गाळून क्षारमुक्त करावे लागते. शेवटी राहिलेल्या चोथ्यात सोडियम कार्बोनेटचा द्राव घालून ऊब दिली की अल्जिनेट विरघळते; त्यात आम्ल टाकताच ते साकळून येते.

हे वाचून आम्हांस राहवले नाही. रत्नागिरीहून येताना धुऊन वाळविलेले थोडे सरगॅसम आणले होते. त्याचा प्रथम अष्टगुण पाण्यात काढा केला; तो खारट, किंचित कषाय, आणि स्पर्शास बुळबुळीत झाला. चोथ्यास सज्जीक्षाराच्या पाण्यात उबेला ठेवले, आणि तासाभरात पातेल्यात अशी खळ तयार झाली की दुहेरी फडक्यातून थेंबही उतरेना! दुप्पट पाणी घालून, रात्रभर टांगून, कसेबसे गाळले. त्या तपकिरी द्रवाचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडताच भिजलेल्या साबुदाण्यासारखे मऊ गोळे झाले. ज्या सर्जिक्षाराला आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो त्यानेच हे काम केले, याचा आनंद झाला. पण फ्युकॉयडनच्या वाटेस आम्ही गेलो नाही. त्यास लागणाऱ्या अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना हवा. आपल्याच कारखान्यांच्या मळीतून निघणारे अल्कोहोल आपल्या दारावरून टँकरने जाते, तरी ते घरगुती प्रयोगाला मिळत नाही, आणि तसे असणे योग्यच आहे. शिवाय शुद्धता तपासण्याची साधने छोट्या औषधालयात नसतात. जे तपासता येत नाही ते रुग्णास देऊ नये.

या प्रयोगातून एक गोष्ट मात्र पक्की समजली. एकाच शैवालातून, द्रव बदलला की, निरनिराळी द्रव्ये हाती येतात. म्हणून ‘शैवालाचा अर्क’ या शब्दाला चिकित्सेच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. आख्खे चूर्ण असेल तर त्यात आयोडीन आले; शुद्ध केलेले फ्युकॉयडन असेल तर आयोडीन बहुतेक गेलेले असते. त्या रुग्णेच्या बाटलीत आख्खे चूर्ण होते.

कोणत्या घटकाचा किती भरवसा

अल्जिनेट आपण न ओळखता रोज पाहतो. अम्लपित्तासाठी मिळणाऱ्या काही पातळ औषधांत ते असते. जठरातील आम्लाशी गाठ पडताच त्याचा तरंगता थर बनतो आणि अम्ल वर चढण्यास अडवितो. दंतवैद्य दातांचा ठसा त्यात घेतात. स्राव फार असलेल्या व्रणावर कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी वापरतात. मधुमेहजन्य पादव्रणाचे रुग्ण पाहणाऱ्यांस ती परिचित असेल. याबाबत शंका उरलेली नाही.

फ्युकॉयडनची गोष्ट निराळी. शोथहर, अर्बुदविरोधी, प्रतिकारशक्तीवर्धक असे अनेक गुण सांगितले जातात, पण त्यांतील बहुतांश पुरावा परीक्षानळीतील पेशींवरचा आणि प्राण्यांवरचा आहे. युरोपीय संघाने विशिष्ट जातींपासूनचे फ्युकॉयडन अन्नपूरकात दिवसाला २५० मिलिग्रॅमपर्यंत मान्य केले आहे, परंतु ती अन्न म्हणून परवानगी आहे. रोगनाशक म्हणून नव्हे. त्याची रचना हेपॅरिनसदृश असल्याने रक्त गोठण्यास ते अडथळा करते, हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसले आहे. पोटात घेतल्यावर हा परिणाम किती होतो हा प्रश्न वेगळा; तरी वॉरफरिन वा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णास ते देऊ नये, आणि जलौकावचरण किंवा सिरावेध करण्यापूर्वी रुग्ण असे काही घेत आहे का हे विचारावे, असे आमचे मत आहे. जळूच्या दंशातून तासन्‌तास झरणारे रक्त ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे कारण सांगावयास नको.

फ्युकोझँथिनविषयी इंदापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल स्त्रियांना १६ आठवडे फ्युकोझँथिन डाळिंबाच्या बियांच्या तेलासह दिले असता वजन घटल्याचे नोंदविले गेले. रस काढून उरलेले डाळिंबाचे बी आपल्याकडे उकिरड्यावर जाते! तरीही एका अभ्यासावर विसंबू नये. स्वतंत्र संशोधकांनी तो पुन्हा करून दाखवावा लागतो. तपकिरी शैवालापासून तयार केलेल्या एका औषधास चीनने २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी सशर्त मान्यता दिली आणि जगभर बातमी झाली. २०२२ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी मध्येच थांबविण्यात आली.

आपल्या देशात भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था या विषयात दीर्घकाळ काम करीत आहेत. कोचीच्या संस्थेने ‘कडलमीन’ या नावाने संधिशूल, मधुमेह आदींसाठी शैवालजन्य पूरके विकसित केली आहेत. ज्यांस या द्रव्यांत रस आहे त्यांनी आकर्षक वेष्टनापेक्षा अशा संस्थांच्या कामाकडे आधी पाहावे.

आयोडीन आणि आर्सेनिक

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून सुरू आहे, आणि २००६ पासून आयोडीनरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास पुन्हा बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान दशलक्षांश १५ भाग आयोडीन असावे लागते. म्हणजे दिवसाकाठी १० ग्रॅम मिठात गरज भागते. आपल्या भागातील रुग्ण आयोडीनसाठी भुकेलेला नाही, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

शैवालातील आयोडीन जातीनुसार ग्रॅममागे काही मायक्रोग्रॅमपासून काही हजार मायक्रोग्रॅमपर्यंत बदलते. केल्पमध्ये ते सर्वांत जास्त. ग्रॅममागे २००० मायक्रोग्रॅम धरले तर ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सुलांतून रोज २००० मायक्रोग्रॅम आयोडीन पोटात जाते, गरजेच्या तेरापट! आयोडीनचा असा पूर आला की गलग्रंथी काही काळ संप्रेरक बनविणेच थांबविते. वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये उंदरांत हे दाखविले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. प्रतिपिंडांनी आधीच जखडलेली ग्रंथी सावरत नाही, आणि मंदता वाढते. ग्रंथीत जुन्या गाठी असतील तर याच्या उलट, संप्रेरकांचा अतिरेक होऊन हृद्द्रव व कृशताही येऊ शकते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. या शैवालात क्षार आणि लवण दोन्ही एकत्र आहेत.

आर्सेनिकाचा मुद्दा विशेषतः औषधनिर्मात्यांसाठी. तपकिरी शैवालात एकूण आर्सेनिक पुष्कळ वेळा दशलक्षांश दहापट भागांत मोजावे लागते. त्यांतील बहुतांश शर्करेशी बद्ध व कमी विषारी असते, परंतु आपल्या आयुर्वेदीय द्रव्यांसाठीची ३ भागांची मर्यादा एकूण आर्सेनिकावर मोजली जाते, आणि तेथे हा माल नापास होऊ शकतो. शिवाय सरगॅसमच्याच कुळातील ‘हिजिकी’ या जपानी जातीत विषारी स्वरूपाचे आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्नसंस्थेने २००४ मध्ये ती खाऊ नये असा सल्ला दिला. कोकणातील जाती वेगळ्या आहेत. तरी प्रत्येक खेपेची तपासणी केल्याविना त्या पोटात देणे आम्हांस मान्य नाही. त्याच २००४ साली बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांत जड धातू आढळल्याचा अहवाल आला आणि आपल्या शास्त्रावर केवढे बालंट आले, हे आपण विसरलेलो नाही.

लेबल आणि कायदा

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एवढेच की, १९४० च्या औषधी व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदीय स्वामित्व-औषधातील घटक प्रथम परिशिष्टातील ग्रंथांत आलेले असले पाहिजेत. तपकिरी समुद्रशैवाल त्या ग्रंथांच्या योगांत आम्हांस आढळलेले नाही. म्हणून बहुतेक माल अन्नपूरक म्हणून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर येतो. तो आयुर्वेदीय औषधांच्या फळीवर ठेवला की ग्राहक त्यास आयुर्वेदीय समजतो, आणि वैद्याला सांगण्याची गरज त्यास वाटत नाही. आमच्या शेजारच्या विक्रेत्यांनी आता त्या बाटल्या वेगळ्या फळीवर हलविल्या आहेत आणि घेणाऱ्यास ‘थायरॉइडची गोळी चालू आहे का’ एवढे विचारतात. त्यांचे काही गिऱ्हाईक यामुळे तुटले, हेही खरे.

या द्रव्यास कायमचे दार बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. फिरंग रोग आला तेव्हा भावमिश्रांनी परदेशातून आलेल्या चोपचिनीस आपल्या निघंटूत स्थान दिलेच. परंतु तसे करताना रस, गुण, वीर्य, विपाक यांचा विचार व्हावा लागतो. आमच्या अल्प अनुभवात शैवालाचा काढा लवण, अनुरसाने कषाय, पिच्छिल आणि गुरू वाटला. विपाक व वीर्य यांविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. महाविद्यालयांतील द्रव्यगुण विभागांनी कोकणातील सरगॅसमवर हे काम हाती घ्यावे.

त्या रुग्णेच्या कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या. फिजिशियनशी बोलून लेव्होथायरॉक्सिनची मात्रा आहे तीच ठेवली. सहा आठवड्यांनी टीएसएच ११ झाला, तीन महिन्यांनी ४ च्या खाली आला. चेहऱ्यावरची सूज त्याआधीच ओसरली होती. आमच्या रुग्णपत्रिकेत तेव्हापासून आहार-विहाराच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापलेली आहे : ‘दुकानातून स्वतः आणलेले काय घेता?’ पहिल्या महिन्यातच तीन रुग्णांनी तेथे शैवालाचे नाव सांगितले. त्यांतील एक गर्भिणी होती.